गुळाची चव ओळखूया : परिसर अभ्यासातील एक कृती



वाईनचे जाणकार पेला हातात आला की लगेच पीत नाहीत. आधी रंग बघतात, मग वास घेतात, मग घोट जिभेवर घोळवतात. द्राक्ष कुठल्या भागातलं, हे त्यांना त्यावरून ओळखायचं असतं. आपल्या चौथीच्या वर्गात वाईन अर्थातच नको! पण आपण कोल्हापूरकर. आपल्याकडे गूळ आहे. तीच पद्धत मी गुळासाठी वापरली.

उद्देश : ज्ञानेंद्रियांनी निरीक्षण करणे, वेगवेगळ्या भागांतले पदार्थ ओळखणे, कारण देऊन निवड करणे.

साहित्य : बाजारातला पिवळाधमक गूळ, गुऱ्हाळावरचा तांबूस-काळपट गूळ, तळकोकण-गोव्याकडचा माडाच्या रसाचा गूळ, पिण्याचं पाणी, रुमाल. (कोणाला मधुमेह आहे का, हे पालकांना आधी विचारा.)

कृती : तुकडे ताटलीत ठेवून आधी फक्त बघायला सांगितलं. "कुठला घ्याल?" सगळ्यांची बोटं पिवळ्याकडे. काळपट गूळ बघून एक जण म्हणाला, "बाई, ह्यो म्हशीला घालत्यात." वर्ग हसला. तो गूळ ज्याच्या घरून आला होता, तो मुलगा खाली मान घालून बसला. त्याचे वडील गुळव्या आहेत. मला चुटपुट लागली.

मग रुमालानं डोळे बांधले. वास घ्या, खडा जिभेवर विरघळू द्या, मध्ये पाण्यानं चूळ भरा. आता निम्म्याहून जास्त मुलांनी काळपट गूळच निवडला. "खमंग लागतोय," म्हणाली. पट्टी सोडल्यावर वर्ग गप्प!

मग त्याच मुलाला फळ्याजवळ बोलावलं. काहिलीत रस उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी कशी काढतात, पाक कसा बघतात, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. त्या तासाला वर्गाचा गुरुजी तोच होता.

शिक्षकांसाठी माहिती : कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाशिकच्या वाईनलाही ते आहे. माती बदलली की चव बदलते. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि लवकर पाणी सुटतं. केरळच्या मरयूरचा गूळ गडद तपकिरी असतो. बंगालमध्ये हिवाळ्यात खजुरीच्या रसाचा गूळ करतात. जपानच्या ओकिनावा बेटांवरही उसाचा काळा गूळ होतो, त्याला 'कोकुतो' म्हणतात. नकाशावर ही ठिकाणं दाखवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. काळा म्हणजे चांगलाच असं नाही. पाक करपला तरी गूळ काळा होतो. पिवळा म्हणजे भेसळीचाच असंही नाही. उसाची जात आणि रसाची सफाई यांवरही रंग ठरतो. पण गिऱ्हाईक फक्त पिवळा रंग मागतं, म्हणून काही ठिकाणी गूळ उजळ करायला हायड्रोस पावडर घालतात. ती चवीवरून ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी लागते. म्हणून गूळ कुठून आला आणि कसा केला, हे विचारायची सवय लावूया.

घरचा अभ्यास : आईबाबांबरोबर दुकानात जा. गूळ कुठला, हे दुकानदाराला विचारा. रंग, वास, चव वहीत लिहा.

पालकहो, पुढच्या वेळी गूळ घेताना निवड मुलाला करू द्या आणि "हाच का?" एवढंच विचारा. उत्तर रंगाच्या पुढे गेलं, की पाठ समजला म्हणायचं.