रात्री एकट्याने गाडी करताना : बुलढाणा जिल्ह्यातला खर्च आणि खबरदारी

बुलढाणा शहरात रेल्वे येत नाही. मुंबईहून संध्याकाळी सुटलेली विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेस मध्यरात्र उलटल्यावर मलकापूरला सोडते आणि घर अजून ४५ किलोमीटर लांब असते, मध्ये मोताळा आणि राजूर घाट. पुण्याहून येणारी ट्रॅव्हल्स पहाटे साडेतीन-चारला चिखलीत नाही तर मेहकरात उतरवते. पुण्यात सवय लागलेली असते म्हणून हात आपोआप मोबाईलकडे जातो, ॲप उघडते, गोल फिरत राहते आणि गाडी काही मिळत नाही. इथे रात्रीची गाडी म्हणजे स्टेशनबाहेरचा ऑटो, ओळखीच्या ड्रायव्हरची स्पेशल, काळी-पिवळी, किंवा कोणाच्या तरी कारमधली एक सीट. ॲपमधली सुरक्षा, म्हणजे ड्रायव्हरचा फोटो, ओटीपी, प्रवास शेअर करायचे बटण, यातले इथे काहीच नसते. ती व्यवस्था आपली आपणच करायची आणि तिला पैसे फार लागत नाहीत. पण घर सोडण्याआधी दहा मिनिटे द्यावी लागतात.

आधी भाड्याचे बोलू, कारण रात्रीची बरीच भांडणे तिथूनच सुरू होतात. बाहेरगावी जाणाऱ्या गाडीला इथे सहसा येण्या-जाण्याचे पैसे लागतात. तुम्ही एका बाजूने जाता, पण ड्रायव्हर रिकामा परततो. साध्या सेडानला किलोमीटरमागे १२ ते १४ रुपये असा दर बोलला जातो. मलकापूर ते बुलढाणा दोन्ही बाजूंचे ९० किलोमीटर धरले तर १३ रुपयांनी ११७० होतात. रात्रीचे म्हणून दोनशे-तीनशे वर गेले तर १४००-१५०० हा रास्त आकडा. कोणी २००० च्या वर सांगत असेल तर घासाघीस करायला हरकत नाही. पण ती फोनवर, आदल्या दिवशी. रात्री दोन वाजता, बॅग हातात आणि आजूबाजूला चार माणसे उभी असताना दोनशे रुपयांसाठी वाद घालून शेवटी अनोळखी स्वस्त गाडीत बसणे ही काटकसर नव्हे. शेगाव ते खामगाव अंतर साधारण १८ किलोमीटर. याच हिशेबाने स्पेशल ऑटो चारशेच्या आसपास जातो. टोल, वेटिंग आणि रात्रीचा भत्ता भाड्यात धरला आहे का, हे तीन शब्द फोनवरच विचारून घ्या आणि ठरलेला आकडा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. लेखी आकडा असला की दारात उतरताना ‘ताई, घाट होता, वाढवून द्या’ हे ऐकावे लागत नाही.

तुलनेसाठी एसटीचे भाडे. २५ जानेवारी २०२५ पासून साध्या बसला सहा किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये लागतात. मलकापूर-बुलढाण्याचे आठ टप्पे धरले तर ८० रुपये होतात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट, म्हणजे चाळीस. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. म्हणजे दोन वाजता १५०० आणि उजाडल्यावर ४०, असा हा हिशेब आहे. वाट पाहण्याची भाषा फार लोकांना रुचत नाही, पण रेल्वेचे तिकीट हातात असेल तर स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसायला पैसे पडत नाहीत, तिथे दिवे असतात, रेल्वे पोलिस असतात, आणि कोणी त्रास दिला तर १३९ हा क्रमांक आहे. शेगावला उतरणाऱ्यांना गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवासही आहेत. एकट्या व्यक्तीला खोली देण्याबाबतचा नियम मात्र निघण्याआधी फोन करून विचारा. साधी लॉज सहाशे ते बाराशेपर्यंत पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कुठे हजर राहायचे नसेल, तर मी तरी पहिल्या एसटीच्या बाजूने मत देईन.

तरीही रात्रीच जायचे असेल तर गाडी आधी ठरवा. आधी म्हणजे रेल्वे जळगाव-भुसावळ ओलांडत असताना नव्हे, तर तिकीट काढले त्याच दिवशी. गावातल्या दोन ड्रायव्हरांचे नंबर घरातल्या कोणाकडे तरी असतातच. ज्याच्या गाडीने आपल्या गल्लीतले लोक दवाखान्यात, लग्नाला जातात, त्याच्या प्रत्येक फेरीची चर्चा चार घरांत होते, आणि हीच इथली खरी रेटिंग आहे.

गाडीचा नंबर आला की एम-परिवहन ॲपवर टाका. त्याला पैसे लागत नाहीत. तिथे दोन ओळी बघायच्या. पहिली वाहनाचा वर्ग : ‘मोटार कॅब’ असेल तर भाड्याची गाडी, ‘मोटार कार’ असेल तर घरगुती. दुसरी, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत वैध आहेत ती तारीख. पाटी पिवळी असेल तर गाडी भाड्याची, पांढरी असेल तर खासगी. बुलढाण्याची गाडी एमएच-२८, शेजारच्या अकोल्याची ३०, जळगावची १९, जालन्याची २१. परजिल्ह्याचा नंबर म्हणजे धोका असे मुळीच नाही, पण ‘मी इथलाच’ म्हणणाऱ्याच्या गाडीवर वेगळाच क्रमांक दिसला तर एक प्रश्न विचारायला हवा.

पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते हे खरे. पण खासगी गाडी भाड्याने वापरली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते, आणि मग वाचलेल्या तीनशे रुपयांची किंमत दवाखान्याच्या बिलात कळते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या गेलेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण बंधनकारक आहे, पण तीनचाकी ऑटोला हा नियम नाही. पिवळ्या पाटीच्या नव्या गाडीत बसलात तर लाल बटण कुठे आहे ते बघून ठेवा. ते चालू आहे का, हे बसल्या जागी तपासता येत नाही, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

आता सीट शेअर करण्याबद्दल. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. तेव्हापासून मेहकर, सिंदखेडराजा, लोणार या भागांतली मुले-मुली ब्लाब्लाकारसारख्या ॲपवरून सीट धरून संभाजीनगर, पुणे गाठतात. इथे खर्च वाटून घेण्याचा हिशेब मुद्दाम करून बघा. १५० किलोमीटरच्या प्रवासाला लिटरमागे १५ किलोमीटर धरून दहा लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरले तर १०५०. टोल एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २.०६, म्हणजे सुमारे ३०९. एकूण १३५९, चौघांत वाटले तर माणशी ३४०. कोणी सीटचे सातशे मागत असेल तर तो खर्च वाटून घेत नाही, धंदा करतो आहे, आणि मग पांढऱ्या पाटीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. खासगी गाड्यांतून अशा सीट विकण्यावर राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातली होती. २०२५ मध्ये त्यासाठी वेगळे धोरण आणले. ॲपवर ‘फक्त महिला’ असा पर्याय असेल तर वापरा. प्रोफाइलवर ओळखपत्र पडताळलेले आहे का आणि आधीच्या प्रवाशांनी काय लिहिले आहे ते वाचा. पाच ओळी कौतुकाच्या आणि एक ओळ ‘वाटेत रस्ता बदलला’ अशी असेल, तर त्या एका ओळीला जास्त वजन द्या.

समृद्धीवरून जाताना कुठे उतरणार हे आधीच पक्के करा. मुख्य मार्गावर थांबता येत नाही, म्हणून उतरवतात ते इंटरचेंजच्या बाहेर, आणि पहाटे तीनला तिथे चहाची टपरीसुद्धा उघडी नसते. ‘मला मेहकरच्या स्टँडवर सोडा’ हे पैसे देण्याआधी ठरवा. वळसा पडतो म्हणून पन्नास-शंभर जास्त मागितले तर द्या.

पुण्यात १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री एक तरुणी कंपनीने पाठवलेल्या कॅबमधून कामावर निघाली होती. गाडी अधिकृत, ड्रायव्हर नेहमीचा. पण त्याच्या सोबत त्याचा मित्र बसलेला होता. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला आणि दोघेही दोषी ठरले. म्हणून हा नियम मी सगळ्यांच्या वर ठेवतो : फक्त आपल्यासाठी ठरवलेल्या गाडीत ड्रायव्हरशिवाय दुसरे कोणी बसलेले असेल तर बसू नका. ‘माझा भाऊ आहे, पुढच्या फाट्यावर उतरेल’ हे कारण खरे असले तरी नाही. भाडे बुडाले तरी चालेल. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, फिर्यादीनुसार, एका माणसाने ‘ताई’ म्हणत बोलायला सुरुवात केली आणि बस दुसरीकडे लागली आहे असे सांगून तरुणीला उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाहीकडे नेले. मलकापूर असो की खामगाव, बसची माहिती फक्त चौकशी खिडकीवर किंवा वाहकाकडे विचारायची.

गाडीत बसताना मागचे दार आतून एकदा उघडून बघा. चाइल्ड लॉक लागलेले असेल तर ते आतून उघडत नाही. ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला, मागे डावीकडे बसा. बसल्याबरोबर घरी फोन लावून त्याला ऐकू जाईल असे बोला : ‘दादा, बसले, गाडी अमुक नंबरची, साडेतीनपर्यंत पोचते.’ लाइव्ह लोकेशन पाठवताना व्हॉट्सॲप पंधरा मिनिटे, एक तास, आठ तास असे विचारते; आठ तास निवडा. बॅटरी संपली की लोकेशनही थांबते, म्हणून हजारएक रुपयांची पॉवर बँक घ्या. या यादीतला सर्वांत उपयोगी खर्च तोच. राजूर घाट किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथा घाट लागण्याआधी घरच्यांना सांगा की पुढची वीस-पंचवीस मिनिटे फोन लागला नाही तर काय करायचे.

११२ हा सगळ्या आणीबाणीचा एकच क्रमांक. महिलांसाठी १८१ आणि १०९१ वेगळे आहेत, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. घटना मलकापूर हद्दीतली आणि तुम्ही चिखलीत पोचला असाल तरी गुन्हा चिखली ठाण्यात नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत ही शून्य क्रमांकाच्या एफआयआरची तरतूद स्पष्ट लिहिली आहे.

अपघाताची भीती मात्र आपण कमी धरतो. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला १ जुलै २०२३ ला मध्यरात्र उलटल्यावर समृद्धीवर ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला पहाटे मलकापूरजवळ दोन ट्रॅव्हल्स समोरासमोर धडकल्या आणि सहा जण गेले. पहाटे दोन ते पाच ही झोपेची वेळ. ड्रायव्हर आज किती वाजल्यापासून गाडीवर आहे हे विचारायला लाजू नका. ‘सकाळपासून’ असे उत्तर आले तर दुसरी गाडी बघा. मागच्या सीटवरही बेल्ट लावा. ट्रॅव्हल्समध्ये चढल्याबरोबर आपत्कालीन दार कुठे आहे ते बघा.

पैशांचा वाद झाला तर काय? राज्य सरकारच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी ट्रॅव्हल्सला त्याच दर्जाच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. एसटीचे ८०० असतील तर १२०० ही कमाल. दिवाळीत याच्या दुप्पट आकारलेले तिकीट जपून ठेवा, बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात तक्रार करा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद हाच पुरावा, म्हणून रात्री रोख देणे टाळा.

ऑटोचे भाडे ठरवणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तुमच्या स्टेशनबाहेर किंवा बसस्थानकाबाहेर रात्रीच्या भाड्याचा फलक नसेल, तर दहा-बारा प्रवाशांच्या सह्यांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक लिहून घ्या.