तळघरातील बुरशी आणि कपाटातील दिवा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या तळघरातही जमिनीतून पाझरून गुडघाभर पाणी साचले. पदार्थविज्ञान विभागाचे जुने सामान तेथे ठेवलेले असे. पूर ओसरल्यावर आम्ही पाणी उपसले, गाळ काढला. "आता वारा खेळू द्या," असे म्हणून मी खिडक्या सताड उघडायला लावल्या आणि पंखे सुरू केले. आठवड्याने खाली उतरून पाहतो तो काय! भिंतींवर हिरवेकाळे ठिपके, जर्नलांवर पांढरी लव आणि दुर्बिणीच्या चामडी पेटीवर राखी रंगाचा थर.

त्याच खोलीत चौथऱ्यावर एक लोखंडी कपाट होते. त्यातील भिंगे, लोलक आणि त्यांच्या लाकडी पेट्या मात्र अगदी स्वच्छ होत्या. आमच्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ सेवकांनी वीज परत येताच कपाटातला नेहमीचा ४० वॅटचा दिवा पेटवून ठेवला होता.

खोली एकच, हवा तीच. मग बुरशी कपाटात का शिरली नाही? दिव्याच्या उजेडाने ती मेली असेल का?

बुरशीला काय लागते?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. तुमच्या वर्गातही ते आता आहेत. त्यांना अन्न लागते. ते कागद, लाकूड, चामडे, खळ, एवढेच काय, भिंतीवरील धुळीतूनही मिळते. आपल्याकडील तापमानही त्यांना मानवते. उरते ते पाणी. साचलेले पाणी त्यांना लागत नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या वर काही काळ टिकली, तरी पुरते. चिंब भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळल्या नाहीत, तर बुरशी धरू लागते.

अन्न, ऊब आणि बीजाणू या तिन्ही गोष्टी आपण काढून टाकू शकत नाही. पाणी मात्र तोडता येते. बुरशीचा प्रश्न म्हणजे मुख्यतः वाळवण्याचा प्रश्न आहे, आणि तो पदार्थविज्ञानाच्या कक्षेत येतो.

हवेतील पाण्याचा हिशेब

एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावते, ते तापमानावर अवलंबून असते. हे आकडे पाहा:

२४° से. — २१.८ ग्रॅम
२५° से. — २३.० ग्रॅम
२६° से. — २४.४ ग्रॅम
२८° से. — २७.२ ग्रॅम
३१° से. — ३२.१ ग्रॅम
३४° से. — ३७.६ ग्रॅम

समजा, पावसाळ्यात बाहेर तापमान २८° आहे आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत २७.२ × ०.८५ = २३.१ ग्रॅम बाष्प आहे. ही हवा तळघरात शिरून २४° तापमानाच्या गार भिंतीला टेकली की तेथे फक्त २१.८ ग्रॅम बाष्प मावते. उरलेले बाष्प पाणी होऊन भिंतीवर बसते. म्हणजे मी खिडक्या उघडून भिंत वाळवत नव्हतो, तिला पाणी पाजत होतो! पंख्यांनी त्या कामाला हातभारच लावला.

आता कपाट घ्या. आतली हवा २५° ची आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्यात २०.७ ग्रॅम बाष्प आहे. दिव्याने ती ३१° पर्यंत तापवली. बाष्प तेवढेच राहिले. पण आता ३२.१ ग्रॅम मावू शकते. सापेक्ष आर्द्रता झाली ६४ टक्के. बुरशीला रोखले ते दिव्याच्या उष्णतेने, उजेडाने नव्हे. आजचा एलईडी दिवा फारसा तापत नाही, म्हणून या कामाला तो उपयोगी नाही.

भिंत किती पाणी पिते?

विटेत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत केशाकर्षणाने पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते. म्हणून पाणी गुडघाभर असले तरी ओल कमरेच्या वर दिसते.

तीन किलोची वीट तिच्या वजनाच्या १५ टक्के पाणी प्याली, तर १००० विटांत ४५० किलो पाणी मुरते. एक किलो पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल सुप्त उष्मा लागतो. एकूण उष्णता झाली १०८ कोटी ज्यूल, म्हणजे ३०० युनिट वीज! भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून वाळायला कित्येक आठवडे का लागतात, हे यावरून कळेल.

मग काय करावे?

पाण्यात पाय घालण्यापूर्वी तळघराची वीज मुख्य बटणापासून बंद करावी, आणि हे काम मोठ्यांनीच करावे. बाहेरची जमीन चिंब असताना सगळे पाणी एकदम उपसू नये. दोन मीटर उंच व चार मीटर लांब भिंतीवर बाहेरच्या पाण्याचा रेटा सुमारे आठ टन वजनाइतका असू शकतो. आतले पाणी तो तोलून धरत असते. म्हणून थोडे थोडे करून, दिवसांच्या अंतराने उपसावे.

चिंब भिजलेले पुठ्ठे आणि गाद्यांचा मोह सोडावा. फरशी व पत्रा साबणाच्या पाण्याने पुसावा. कोरडी बुरशी झाडू नये, कारण त्याने बीजाणू उडतात. मेलेल्या बुरशीनेही दमा आणि ॲलर्जी बळावते, म्हणून नाकावर एन-९५ मुखपट्टी व हातांत मोजे हवेत. ब्लीचिंग द्रावण अमोनिया किंवा आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात. तळघरात कोळशाची शेगडी पेटवणे तर प्राणघातक ठरते. ओल्या भिंतीला रंग देणे म्हणजे आजार झाकणे होय.

खोली वाळवण्यासाठी आर्द्रताशोषक यंत्र उत्तम. ते बाष्पाचे पाणी करते आणि सुटलेला सुप्त उष्मा खोलीतच परत देते. ते नसेल, तर बाहेरच्या हवेत बाष्प कमी असेल तेव्हाच खिडक्या उघडाव्यात. आम्ही पुढे तसेच केले. भिंती वाळल्या, जर्नले मात्र वाचली नाहीत. विद्यार्थ्यांच्या हातच्या पंचवीस वर्षांच्या आकृत्या आणि नोंदी आम्हांला टाकून द्याव्या लागल्या. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर अनेकदा केला होता. तळघराच्या दारात उभा असताना तो केला नाही.

करून पाहा

झाकणाच्या तीन बरण्या घ्या. पहिलीत तळाशी थोडे पाणी, दुसरीत मिठाचे संपृक्त द्रावण (तळाशी न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे) आणि तिसरीत शिक्षकांकडून घेतलेले निर्जल कॅल्शियम क्लोराइड ठेवा. खळ लावून वाळवलेला पुठ्ठ्याचा एकेक तुकडा प्रत्येक बरणीत दोऱ्याने टांगा. तो द्रावणाला टेकू देऊ नका. मिठाच्या द्रावणावरील हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. तीन आठवडे रोज निरीक्षण करून नोंद ठेवा. बरण्या उघडू नका. शेवटी झाकणासकट टाकून द्या.

आणि हे गणित सोडवा: ऑक्टोबरात बाहेर ३४° तापमान व ४० टक्के आर्द्रता आहे, तळघराची भिंत २६° ची आहे. खिडकी उघडावी की नाही? वरील आकडे वापरून उत्तर काढा आणि मगच खिडकीला हात लावा.