वर्गातील पडदा आणि मुलांची सुरक्षितता

शिक्षणात यंत्राला कोणते स्थान असावे, हा प्रश्न आपल्या देशात आज प्रथमच उपस्थित झाला आहे असे नाही. दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी १९६१ साली दूरचित्रवाणीवरून पाठ देण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग पार पडला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, ओडिशा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोचविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत, संध्याकाळचे प्रौढांसाठी. १९८४ साली ‘क्लास’ या योजनेखाली निवडक शाळांत संगणक आले. २००४ साली खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला आणि २०१७ साली ‘दीक्षा’ हा डिजिटल मंच सुरू झाला.

या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. हृदयाच्या झडपा कशा उघडतात व मिटतात, हे फळ्यावरील आकृतीपेक्षा चलच्चित्रात अधिक चांगले दिसते, यात संशय नाही. परंतु चित्र कोठे थांबवावे, कोणता प्रश्न विचारावा आणि मागच्या बाकावरील मुलाला ते समजले की नाही, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. पडदा बंद झाल्यावर वर्गात जी चर्चा होते, तिच्यावरच त्या पाठाचे यश अवलंबून असते.

तथापि पूर्वीच्या आणि आजच्या पडद्यांत एक मूलभूत फरक आहे, आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. उपग्रहावरून येणारा पाठ एकाच दिशेने वाहत असे. खेड्यातील संच बोलत असे. समोर कोण बसले आहे, हे त्याला कळत नसे. इंटरनेटला जोडलेले साधन मात्र ऐकते आणि लक्षातही ठेवते. मुलाचे नाव, वय, त्याने काय शोधले, पडद्यासमोर किती वेळ घालविला, ही माहिती दूरवरच्या संगणकावर साठू शकते. शिवाय त्याच मार्गाने अनोळखी माणूसही मुलापर्यंत येऊन पोचतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा असंख्य घरांत पालकांचा मोबाइल हाच मुलांचा वर्ग झाला. त्याच यंत्रात घरातील पैशाचे व्यवहार होते, खासगी छायाचित्रे होती आणि सर्व नातलगांचे क्रमांकही होते. म्हणूनच सुरक्षिततेचे शिक्षण हा आता अभ्यासक्रमाला जोडलेला किरकोळ विषय राहिलेला नाही.

हे शिक्षण केवळ मनाई करून देता येत नाही. यंत्राची रीत समजावून द्यावी लागते. एक साधे उदाहरण घेऊ. पाकिटावरील पत्ता वाचताना टपालखाते आधी गाव व पिन क्रमांक पाहते, माणसाचे नाव नंतर. संकेतस्थळाचा पत्ताही असाच शेवटाकडून वाचावा लागतो. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव येते, तेच खऱ्या मालकाचे असते. प्रारंभी शाळेचे किंवा बँकेचे परिचित नाव घालून पुढे भलतेच नाव जोडणे, ही फसवणुकीची नेहमीची युक्ती आहे. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही असाच गैरसमज आढळतो. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की, वाटेत कोणी पत्र फोडून वाचणार नाही. पत्र घेणारा माणूस प्रामाणिक आहे, अशी हमी ते देत नाही.

परवलीच्या शब्दाचा पाठ तर गणिताच्या तासालाच देता येईल. चार अंकांचे १०,००० वेगवेगळे संकेतांक होऊ शकतात, सहा अंकांचे १०,००,०००. दोनच अंक वाढविले, तर शोधणाऱ्याचे काम शंभर पटींनी वाढते. लांबीचे महत्त्व मुलांना यावरून सहज पटते. पण ओटीपी दुसऱ्याला सांगितला, तर कितीही लांब शब्द निरुपयोगी ठरतो, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

सर्वांत गंभीर धोका मात्र यंत्राचा नसून माणसाचा आहे. मुलांना जाळ्यात ओढणारा माणूस प्रथम मैत्री जोडतो, स्तुती करतो, भेटी देऊ करतो, आणि मग ‘हे घरी सांगू नकोस’ असे बजावतो. गुप्ततेचा हा आग्रह हीच धोक्याची पहिली खूण होय. पुढे तो छायाचित्र मागतो व ते हाती येताच धमकी देऊ लागतो. अशा वेळी मूल गप्प राहते, ते बहुधा मोठ्यांच्या रागाच्या भयाने. ‘सांगितले तर मोबाइल काढून घेतील’ असे ज्या मुलाला वाटते, ते संकटात एकटे पडते. म्हणून शिक्षकांनी व पालकांनी आधीच निःसंदिग्ध शब्दांत सांगावे की, काहीही घडले तरी सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही. संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावेत. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावावेत.

कायद्याचेही पाठबळ आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीच्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. परंतु घाईघाईने ‘मान्य आहे’ असे दाबणाऱ्या पालकाला हे तत्त्व कितपत उपयोगी पडेल? शाळेने एखादे नवे साधन स्वीकारताना ते कोणती माहिती मागते, ती का हवी आहे आणि तिच्यावाचून पाठ शिकविता येतो काय, हे तीन प्रश्न पालकसभेत विचारले जावेत. शिकण्यासाठी जी माहिती आवश्यक नाही, ती न देणेच श्रेयस्कर. असे प्रश्न विचारण्याची सवय मोठ्यांना लागली, म्हणजे मुलेही ती उचलतात.