आश्विनातील आभाळ आणि भाताची कापणी

खेड तालुक्याच्या पश्चिमेस, भीमेच्या उगमाकडील डोंगरांत जी लहान लहान गावे आहेत, तेथील भातास आषाढातील पाऊस कितीही झाला तरी बहुधा मानवतो. भय असते ते आश्विनातील पावसाचे. कारण तेव्हा खाचरातील पीक घरात यावयाचे असते. महसुली कारकुनीत असता आम्ही अशा नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. परंतु या पावसाची रीत आम्हांस कळली ती सेवानिवृत्तीनंतर, स्वतःच्या खाचरात. सबब ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. ढग सह्याद्रीच्या माथ्यास अडतात व बहुतेक तेथेच रिते होतात. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तेथून आग्नेयेस पन्नासेक किलोमीटरवरील चाकणला त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. आश्विनात हा क्रम उलटतो. पश्चिमेचा वारा पडतो, पूर्वेकडून दमट हवा येऊ लागते, दुपारच्या उन्हाने जमीन तापली की ती हवा उंच चढते आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाटासह सर कोसळते. म्हणजे चार महिने घाटाकडे पाहून अदमास बांधणाऱ्या शेतकऱ्याने आता तिकडे पाठ करून खेड-चाकणच्या दिशेस पाहावयास हवे. सकाळी आभाळ निरभ्र असूनही दुपारी एकच्या सुमारास पूर्वेस कापसाच्या गंजीसारखे ढग चढू लागले, तर विळा खुंटीस टांगावा. विजेच्या वेळी खाचरात उभे राहणे तर सर्वथा टाळावे.

आमचे वडील चित्रा नक्षत्र लागले की विळ्यास धार लावीत. सूर्य चित्रात येतो 10 किंवा 11 ऑक्टोबरास, स्वातीत 24 च्या सुमारास. पण नक्षत्रांची ही तारीखच ऋतूंच्या मानाने दर बहात्तर वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकते, हे थोड्यांच्या ध्यानात असते. शिवाय हवामान खात्याने 2020 साली पाऊस परतण्याच्या तारखा नव्याने बांधल्या, त्यांत पुण्याची तारीख सुमारे आठवडाभर पुढे जाऊन ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. 2019 साली तर ऐन स्वातीत अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ उठले आणि महाराष्ट्रात कापणीस आलेल्या खरिपाची मोठी हानी झाली.

आमची स्वतःची चूक मात्र नक्षत्राची नव्हे, सुट्टीची. दोन्ही मुलगे कारखान्यात पाळीवर. दोघांची सुट्टी एका दिवशी आली म्हणून आम्ही सगळे इंद्रायणी भात एकदम कापून खाचरात पसरले. त्या पहाटे गवतावर दवाचा थेंब नव्हता, रात्रभर उकाडा होता. आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सर आली, ती तीन दिवस येत राहिली. पेंढ्या उचलावयास गेलो तो लोंब्यांतून कोंब आलेले. घरातील मंडळी काही बोलली नाहीत, हेच अधिक लागले.

तेव्हापासून आम्ही पहाटेची खूण पाहतो. आभाळ मोकळे व वारा शांत असला म्हणजे रात्री जमिनीची उष्णता निघून जाते. गार हवा जड होऊन उतारावरून नदीकाठी साचते. मग खोऱ्यात धुके, गवतावर दव आणि वरच्या वाडीवर लख्ख ऊन, असा देखावा दिसतो. अशा तीन पहाटा लागोपाठ आल्या व दुपारी पूर्वेस ढग चढला नाही, तर कोरडी हवा बसली असे समजतो. अर्थात फार थांबणेही परवडत नाही. लोंबीतील दहांपैकी नऊ दाणे पिवळे झाल्यावर भात ठेवले तर दाणा गळतो व गिरणीत कणी फार होते. म्हणून दिवसाकाठी उचलता येईल एवढेच कापतो, पेंढ्या संध्याकाळी बांधावर आणून त्यांवर ताडपत्री घालतो. मुलांपैकी एक जण रजा राखून ठेवतो. ती कोणत्या दिवशी घ्यावयाची हे त्यास आदल्या रात्री फोनवर कळवितो.