बांधावर माणूस हवा आहे

बारावीचा निकाल लागला आणि मुलीने किंवा मुलाने कृषी शाखेचं नाव काढलं की पुष्कळ घरांत एकच वाक्य ऐकू येतं : "शेतीच करायची होती, तर एवढं शिकवलं कशाला?" बोलणारे वडील बहुधा स्वतः शेतकरी असतात. त्यांची भीती खरी आहे. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होऊन उरलेल्या तुकड्यावर संसार ओढताना ज्यांची उमर गेली, त्यांनी मुलांना त्याच वाटेवर का पाठवावं?

माझं म्हणणं असं, की या तुकड्यांमुळेच एका नव्या माणसाची गरज निर्माण झाली आहे. कमी जमिनीत, कमी खर्चात आणि मातीचा कस राखून पीक कसं काढायचं, हे शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून सांगणाऱ्या माणसाची. आज गावोगावी शेतकरी रोगट पान घेऊन औषधाच्या दुकानात जातो आणि बाटली घेऊन परततो. फवारणीची गरज आहे की नाही, हे ठरवणाऱ्याचं पोटच बाटलीवर चालत असेल, तर "या आठवड्यात फवारू नका" असं शेतकऱ्याला कोण सांगणार?

हे काम नेमकं कसं असतं, ते विदर्भातल्या दोन एकर कोरडवाहू रानावर पाहू. शेतकऱ्याला सोयाबीन आणि तूर घ्यायची आहे. बांधावरच्या माणसाचं काम मे महिन्यातच सुरू होतं. घरात ठेवलेल्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं विकत घ्यायची गरजच नाही. मग बीजप्रक्रिया. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू नंतर, आणि बियाणं सावलीत सुकवायचं. क्रम उलटला तर जिवाणू मरतात आणि शेतकरी म्हणतो, "जैविकाचा काही उपयोग नाही." पहिल्या सरीवर घाईने पेरायचं नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यायचा. पेरणी रुंद वरंबा सरीवर : पावसाने ओढ दिली तर ओल टिकते, जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन. तुरीचं मूळ खोल जातं, तिचा पालापाचोळा रानातच पडतो, आणि सोयाबीन हातचं गेलं तरी वर्ष अगदीच वाया जात नाही. पुढे तूर फुलावर आली की कामगंध सापळे आणि पक्षी थांबे. घाटे अळीचे आठ-दहा पतंग प्रत्येक सापळ्यात सलग दोन-तीन दिवस दिसले, तरच फवारणीचा विचार. तोही आधी पाच टक्के निंबोळी अर्काचा.

यातलं एकही तंत्र नवं नाही, ही माहिती मोबाइलवरही मिळते. अडतं ते वेळेवर आणि योग्य क्रमाने करण्यात. म्हणून तिथे माणूस लागतो.

यासाठी शिकायचं कुठे? राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. बारावी विज्ञाननंतर सीईटी देऊन चार वर्षांची बी.एस्सी. (कृषी) पदवी घेता येते. दहावीनंतर कृषी पदविकेची वाट आहे. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, जमीन पाहा. प्रक्षेत्र किती आहे, त्यावर पीक कोण घेतं, विद्यार्थ्यांच्या हाताला माती लागते का, हे शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारा. कृषिदूत किंवा कृषिकन्या म्हणून गावात राहायचं सत्र काही ठिकाणी फोटो आणि वहीपुरतं उरतं. असं महाविद्यालय टाळा.

आता पैशांचं. सुरुवातीचा पगार अभियंत्याच्या पगाराएवढा नसेल, हे मी लपवत नाही. पाणलोट किंवा सेंद्रिय शेतीच्या प्रकल्पांतली कामं बहुधा कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. कृषी विभाग आणि बँकांचे कृषी अधिकारी ही स्थिर पदं आहेत, पण स्पर्धा परीक्षेत पाच-पाच वर्षं घालवून हातचं कौशल्य विसरलेले पदवीधर पाहिले की जीव तुटतो. परीक्षा जरूर द्या, सोबत काम चालू ठेवा. शेतकरी उत्पादक कंपन्यांना प्रतवारी, साठवण, सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नोंदी सांभाळणारी माणसं लागतात. माती परीक्षण, रोपवाटिका, ट्रायकोडर्मा किंवा गांडूळ खताचं उत्पादन हे स्वतःचे व्यवसाय आहेत. केंद्राच्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत पदवीधरांना ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण आणि २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाच्या कर्जाला अनुदान मिळतं : सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. अर्जाआधी चालू नियम मात्र तपासून घ्या.

मुलांनो, एक कळकळीची गोष्ट. "रसायन सोडा, पहिल्याच वर्षी दुप्पट पिकेल" असं कोणी शिकवलं तर विश्वास ठेवू नका आणि तुम्हीही शेतकऱ्याला तसं सांगू नका. रासायनिक खतं एकदम बंद केली तर सुरुवातीला उत्पादन घटू शकतं, आणि दोन एकरवाल्याला एक पडलेला हंगाम सावकाराच्या दारात नेतो. आधी अर्ध्या एकरावर करून पाहायचं, मगच पुढे. हा संयम ज्याला जमत नाही, त्याने हे क्षेत्र निवडू नये.

आणि पालकांनो, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात एक दिवस काढा. मुलीला किंवा मुलाला सोबत न्या. तिथल्या शास्त्रज्ञांशी, प्रशिक्षणाला आलेल्या शेतकऱ्यांशी त्यांनाच बोलू द्या, तुम्ही बाजूला बसून ऐका. संध्याकाळी घरी परतताना त्यांचे प्रश्न संपलेले नसतील, तर अर्ज भरा.