वेलँड वापरावं का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. वेलँडवर जुने प्रोग्रॅम चालत नाहीत, असं ऐकलं. ते रोजच्या कामासाठी तयार आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काळजी नसावी, जुने प्रोग्रॅम चालतात. वेलँड म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या पडद्यावर दाखवणारी लिनक्समधली नवी व्यवस्था, एक्स११ ही जुनी. एक्स११ साठी लिहिलेले प्रोग्रॅम वेलँडमध्ये 'एक्सवेलँड' हा दुवा चालवतो, तोही आपोआप.

एक्स११ १९८७ चं. त्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरं सहज टिपू शकतो, अगदी पासवर्डसुद्धा! वेलँड हे होऊ देत नाही, आणि एवढ्यासाठीही ते वापरावं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं ते २०१६ मध्येच मूळ पर्याय केलं. उबुंटूनं २०२१ मध्ये.

अडचणी उरल्यात त्या ठरावीक ठिकाणी. एन्व्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर ५५५ किंवा त्यापुढचा हवा; आधीच्या ड्रायव्हरवर चित्र लुकलुकायचं. दुरून संगणक चालवणारी, माउस-कीबोर्डची कामं आपोआप करणारी काही साधनं अजून अडतात. व्हिडिओ बैठकीत स्क्रीन दाखवायची असेल, तर आधी एकदा तपासून घ्या.

काही अडलंच तर लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडा, खालच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करा आणि 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' (म्हणजे एक्स११) घ्या. फाइली जागच्या जागी राहतात.

ब्राउझर, ऑफिस, सिनेमा एवढंच काम असेल तर वेलँड बिनधास्त वापरा.