वैद्यकीय प्रवेशासाठी घेतलेले एक वर्ष

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल साधारणतः जून महिन्यात लागतो. त्यानंतर कृष्णाकाठच्या कुरुंदवाडात आणि शिरोळ तालुक्याच्या गावोगावी काही घरांतून एकच प्रश्न निघतो : गुण थोडक्यात कमी पडले, मुलीने आणखी एक वर्ष द्यावे काय? अशा वेळी पालक शिक्षकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे येतात. त्यांना मिळणारा सल्ला नेमका असावा, यासाठी हे विवेचन.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाचा अर्ज पदवीनंतर केला जातो. तेथे परीक्षेबरोबरच रुग्णालयातील अनुभव, संशोधन, शिफारसपत्रे आणि मुलाखत यांनाही वजन असते. म्हणून मधल्या वर्षात विद्यार्थी ही शिदोरी जमवितात. आपल्याकडे गुणवत्ता यादी नीटच्या गुणांवर लागते. प्रथमोपचार वर्गाच्या प्रमाणपत्राने तीत एका गुणाचीही भर पडत नाही. (प्राथमिक आरोग्य केंद्रात चार दिवस जाऊन हे काम आपल्याला मानवेल काय, हे अवश्य पाहावे, पण ते स्वतःसाठी.) मिरजेचे १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून जवळ आहे, परंतु त्या जवळिकीचाही उपयोग नाही. राज्याने ७०:३० हे विभागीय सूत्र २०२० मध्येच रद्द केले.

तेव्हा वर्षाचे पहिले काम म्हणजे मागील उत्तरपत्रिकेची तपासणी. परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकल्यास १ वजा होतो. म्हणजे चुकलेले एक उत्तर बरोबर आले तर ५ गुणांचा फरक पडतो. अशा दहा चुका टळल्या की ५० गुण. परीक्षा घेणारी संस्था उत्तरसूची आणि विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा उपलब्ध करून देते. ती समोर ठेवून प्रत्येक चूक कोणत्या जातीची, हे लिहून काढावे : विषयच आला नव्हता, प्रश्न घाईने वाचला, की वेळ संपला? पहिल्या जातीच्या चुका जास्त असतील तर वर्ष खरोखर उपयोगी पडेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीला नव्या शिकवणीपेक्षा वेळ लावून सोडविलेल्या प्रश्नपत्रिकांचा उपाय अधिक लागू पडतो. हजारो रुपये भरून शिकवणी लावण्यापूर्वी शिक्षकांनी हा तक्ता विद्यार्थ्याकडून करवून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

कमाल वयाची अट २०२२ मध्ये निघाली आणि किती वेळा बसावे यालाही मर्यादा नाही. नियम मर्यादा घालत नाही, म्हणून ती घरानेच आधी ठरवावी लागते. नीटचे गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते असल्याने पुढच्या वर्षी गुण घसरले तर जुन्या गुणांचा आधार उरत नाही. पदवीच्या वर्गात नाव घालून तयारी करणे कित्येकांना कमीपणाचे वाटते. अपयश आलेच तर वर्ष मात्र वाया जात नाही.

दुसरे काम कागदपत्रांचे, आणि येथेच ग्रामीण विद्यार्थी अधिक अडतो. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याजवळ जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर त्याला राखीव जागेचा लाभ गमवावा लागतो. वैधतेसाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत सापडतो. बारावीत असताना हा अर्ज महाविद्यालयामार्फत जातो. महाविद्यालय सुटले की पाठपुरावा करणारे कोणी उरत नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही पाहावी, गेल्या वर्षीचे चालेल असे गृहीत धरू नये.

प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात येतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी या भागातील घरांत शिरले होते. मूळ कागद माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवण्याबरोबरच त्यांच्या प्रतिमा डिजिलॉकरमध्ये किंवा परगावच्या नातलगाकडे असाव्यात. नदीकाठच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी जुन्या रजिस्टरांची पाने मे महिन्यापूर्वीच छायांकित करून ठेवली, तर दाखल्यासाठी आलेल्या पालकाला पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागणार नाही.